कंपनीने दिलेली समुपदेशन सेवा कशी आहे? खराडीतल्या एका टीम लीडचा अनुभव

आमच्या कंपनीने गेल्या दिवाळीनंतर कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आरोग्याची एक सेवा घेतली. फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायला समुपदेशक, मोबाईलवर एक ॲप, टीम लीड लोकांसाठी प्रशिक्षण आणि दर तीन महिन्यांनी व्यवस्थापनाला एक अहवाल, असं ते पॅकेज आहे. अशी पॅकेजं देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत आणि त्यांची आतली रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून नाव न घेता लिहिते. तुमच्याही ऑफिसात असं काही आलं असेल आणि एचआरचा मेल न उघडता पडून असेल, तर हे वाचा. माझं मत आधीच सांगते. समुपदेशक उत्तम आहेत. टीम लीडचं प्रशिक्षण फार उपयोगी आहे. ॲप नसतं तरी चाललं असतं. आणि सगळ्यात मोलाचा ठरला तो तिमाही अहवाल, कारण त्याने आमचं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बदललं.

मी खराडीत एका आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकसेवेच्या फ्लोअरवर काम करते. माझ्या टीममधली बहुतेक मुलंमुली 21 ते 27 वयाची आहेत. कोणी लातूरकडचं, कोणी अकोल्याचं, कोणी साताऱ्याचं. काही जण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करण्यात उमेदीची वर्षं घालवून, घरचे पैसे संपत आल्यावर इथे आलेले. बहुतेकांची ही पहिलीच नोकरी आणि घराबाहेर राहण्याची पहिलीच वेळ. चंदननगर नाहीतर वाघोलीला टू बीएचकेमध्ये सहा जण, मेसचा डबा, शिक्षणकर्जाचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे. गावी आईवडील अभिमानाने सांगतात, पोरगा पुण्यात कंपनीत आहे. त्या अभिमानाचा या मुलांना आधार वाटतो आणि ताणही येतो, हे मी रोज बघते. अडचण आली तर घरी सांगायची सोय राहत नाही.

काम कसं आहे तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फोन उचलला की पलीकडे बऱ्याचदा हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर उभा असलेला माणूस असतो. पेशंटला घरी न्यायचंय आणि कॅशलेसची, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट भरण्याची, शेवटची मंजुरी आलेली नाही. 2024 च्या मे महिन्यात विमा नियामकाने सांगितलं, की डिस्चार्जसाठी हॉस्पिटलची विनंती आल्यापासून 3 तासांच्या आत कंपनीने ही मंजुरी द्यायची. लोकांना हा नियम आता माहीत झालाय आणि ते चांगलंच आहे. पण तीन तास उलटले की आवाज चढतो तो आमच्या बावीस वर्षांच्या मुलीवर, आणि मंजुरी देण्याचा अधिकार तर तिच्याकडे नसतोच. ती एस्कलेशन टाकू शकते, म्हणजे प्रकरण वरच्या माणसाकडे पाठवू शकते, फाइल कुठे अडकली ते शोधू शकते आणि समोरच्याशी नीट बोलू शकते. हे तिन्ही करायला डोकं शांत लागतं. फोन संपतो आणि काही सेकंदांत पुढचा वाजतो.

ही सेवा आली तेव्हा फ्लोअरवर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. 2024 मध्ये पुण्यातच एका बड्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या 26 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्या पत्राबद्दल आमच्या मुलांमध्ये कितीतरी दिवस बोलणं चालू होतं. तेव्हा कंपनीने समुपदेशक आणला म्हटल्यावर मुलांना वाटलं, की आता आपण काय बोलतो ते वरपर्यंत जाणार. ही शंका रास्त होती. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी समुपदेशकांबद्दल. वेळ ठरवायला ॲप आहे, व्हॉट्सॲप आहे, साधा फोनही आहे. हिंदी किंवा इंग्रजीत बोलायचं असेल तर दोन-तीन दिवसांत वेळ मिळते. मराठीत बोलायचं असेल तर आठवडाभरही थांबावं लागतं, कारण मराठी समुपदेशक कमी आहेत. पुण्यात सेवा विकताना हे चालणार नाही, असं मी लेखी कळवलंय. जो मुलगा दिवसभर हिंदीत ग्राहकांची समजूत घालतो, त्याला स्वतःचं मन मोकळं करायला तरी घरची बोली मिळायला हवी. एक सत्र 50 मिनिटांचं असतं. वर्षाला सहा सत्रं कंपनीच्या खर्चाने, आणि घरातल्या एका माणसालाही तेवढीच.

माझ्या टीममधल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. चांगलं काम करणारा मुलगा. हळूहळू त्याचे कॉल लांबायला लागले. ऑडिटमध्ये दिसायचं, की तो ग्राहकाला सारखा होल्डवर टाकतोय. क्वालिटीच्या माणसाने शेरा मारला, ‘उत्पादनाची माहिती कमी, पुन्हा प्रशिक्षण द्यावं.’ माहिती त्याला पक्की होती. मी त्याच्या शेजारी बसून कॉल ऐकले तेव्हा लक्षात आलं, की समोरचा ओरडायला लागला की हा होल्डचं बटण दाबतो आणि नुसता श्वास घेत बसतो. रात्री उशिराची पाळी, कॅब घरी सोडणार दोन वाजता, फ्लॅटमधले बाकीचे सकाळच्या पाळीचे, म्हणजे त्यांची उठायची लगबग सुरू झाली की याची झोप मोडणार. त्यात बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून जायचा, आणि महिना भागत नाही हे त्याने वडिलांना सांगितलेलं नव्हतं.

तो समुपदेशनाला तयार झाला. पण बोलायचं कुठून? फ्लॅटवर सहा जण. ऑफिसातल्या मीटिंग रूमना काचेच्या भिंती. पहिलं सत्र त्याने इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे बसून केलं. नंतर मी ॲडमिनच्या मागे लागून ट्रेनिंग रूमच्या बाजूची एक लहान खोली मिळवली. काचेला कागद लावला, दारावर काहीही पाटी नाही, नोंदवही नाही. सेवा विकत घेणाऱ्या प्रत्येक एचआरने ही खोलीची गोष्ट आधी सोडवावी. फोनवर समुपदेशक आहे आणि फोन घ्यायला जागा नाही, अशी तरुण मुलांची गत बहुतेक शहरांत असणार.

समुपदेशकाने काय केलं? सुरुवातीला पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती ते त्यात विचारतात, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. तीच चाचणी शेवटच्या सत्रात पुन्हा घेतात, म्हणजे फरक पडला की नाही ते दोघांनाही दिसतं. मग झोपेची वेळ ठरवणं, घरी आल्यावर मोबाईल लांब ठेवणं, वडिलांशी पैशांबद्दल नेमक्या कोणत्या शब्दांत बोलायचं याची तालीम. वडिलांशी त्याचं बोलणं झालं. ते रागावले नाहीत. हप्त्याचा काही भाग त्यांनी उचलला. एकदा चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “ताई, आधी समोरचा ओरडला की वाटायचं माझंच काहीतरी चुकलंय. आता वाटतं, त्याचा माणूस आत ॲडमिट आहे म्हणून ओरडतोय.” त्याच्या कॉलवरचे होल्ड कमी झाले. पुन्हा प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

मन बरं असणं आणि काम चांगलं होणं यांचा संबंध मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसला. थकलेला माणूस कमी काम करतो असं आपण ढोबळपणे म्हणतो. फ्लोअरवर ते तसं दिसत नाही. थकलेली मुलगी कॉल पटापट संपवते, तिचा सरासरी वेळ उलट छान दिसतो. पण तिने ग्राहकाचं पूर्ण ऐकलेलं नसतं. पॉलिसी नंबर घेतला, स्क्रिप्ट वाचली, ‘चोवीस तासांत कळवतो’ म्हणाली. तोच माणूस तासाभराने पुन्हा फोन करतो, आणि तो फोन दुसऱ्याच कोणाच्या तरी हेडसेटवर जातो. एकीच्या थकव्याचं काम दुसऱ्याच्या खात्यात पडतं. म्हणून मी कॉलच्या वेळेपेक्षा परत येणारे फोन बघते. मुलांची हालत कळायला तो आकडा जास्त खरा आहे.

यावर ब्रिटनमध्ये चांगला अभ्यास झालाय. ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ब्रिटिश टेलिकॉमच्या 11 कॉल सेंटरमधल्या सुमारे 1,800 विक्री कर्मचाऱ्यांना सहा महिने दर आठवड्याला विचारलं, हा आठवडा कसा गेला? उत्तर चेहऱ्यांच्या चित्रांतून द्यायचं. मग ती उत्तरं कंपनीकडच्या कामाच्या नोंदींशी जोडली. ज्या आठवड्यांत माणसं आनंदी होती, त्या आठवड्यांत त्यांची विक्री सुमारे 13 टक्क्यांनी जास्त होती. ती जास्त तास बसली नाहीत. तासाला जास्त कॉल घेतले आणि त्यातले जास्त कॉल विक्रीत बदलले. चांगली विक्री झाली म्हणून आनंद झाला की आनंद होता म्हणून विक्री झाली, हा प्रश्न कोणीही विचारेल. तो सोडवायला त्यांनी हवामानाचा आधार घेतला. खिडकीतून बाहेरचं मळभ जेवढं जास्त दिसे तेवढा मूड खाली जाई. विक्रीमुळे तर ढग येत नाहीत, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते वेगळं करता आलं. हा अभ्यास मी आमच्या ऑपरेशन्स मॅनेजरना वाचायला दिला, कारण तो आमच्यासारख्याच फ्लोअरवर झालाय.

ॲपबद्दल थोडक्यात. इंग्रजी आवाजातली ध्यानाची सत्रं, पाणी पिण्याची आठवण, पावलं मोजण्याची स्पर्धा आणि गुणांवर कूपन. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी उघडलं, मग कोणी बघेना. पावलांच्या स्पर्धेत पुढे होती ती मुलं आधीपासूनच रोज सकाळी पळायला जाणारी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळजवळ 5,000 कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून अशा कार्यक्रमाची परीक्षा घेतली, तेव्हाही हेच दिसलं होतं. भाग घेणारे लोक मुळातच जास्त निरोगी होते, आणि पहिल्या वर्षात आजारपणाचा खर्च किंवा कामाची उत्पादकता यांत दखल घ्यावा असा फरक पडला नाही. 2024 मध्ये विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डच्याच संशोधकाने ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲप, विश्रांतीचे वर्ग, वेळेच्या नियोजनाची शिबिरं अशा गोष्टींत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे नव्हते. स्वयंसेवेचं काम हा तेवढा अपवाद निघाला. त्यामुळे ॲपवर जाणारा पैसा मराठी समुपदेशकांवर घाला, असं माझं म्हणणं आहे.

टीम लीडसाठीचं प्रशिक्षण मात्र मनापासून आवडलं. एक ज्येष्ठ समुपदेशक बाई प्रत्यक्ष ऑफिसात आल्या. त्यांनी पहिल्याच तासात स्पष्ट केलं, की तुम्ही डॉक्टर व्हायचं नाही, निदान करायचं नाही, आणि ‘सगळं ठीक होईल’ म्हणून विषय संपवायचा नाही. तुमचं काम तीन गोष्टींचं: बदल लक्षात घेणं, एकांतात विचारणं, आणि कामात जे तुमच्या हातात आहे ते बदलणं. ‘तुला काय झालंय?’ असं विचारलं की मूल गप्प होतं. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुझे होल्ड वाढलेत, कशात अडतंय?’ असं विचारलं की बोलायला धागा मिळतो. आम्ही जोड्या करून हे बोलून पाहिलं. बारा-बारा वर्षं फ्लोअरवर काढलेल्या लोकांनाही ते सहज जमत नव्हतं, पण सगळ्यांनी मनापासून केलं.

त्या बाईंनी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती आजार म्हणून केलेली नाही, कामाच्या ठिकाणचा सतत चालणारा ताण हाताळला न गेल्याचा परिणाम म्हणून केली आहे. त्याची तीन लक्षणं: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. दुसरी गोष्ट रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाची, 1979 ची. कामाचा रेटा मोठा असला तरी माणूस टिकतो, जर काम कसं करायचं हे ठरवायला त्याला थोडी मोकळीक असेल. रेटा मोठा आणि मोकळीक शून्य, अशा कामात तो पिळवटून निघतो. हे ऐकताना मला आमचा फ्लोअरच डोळ्यांसमोर दिसत होता. कधी उठायचं, कधी जेवायचं, पुढच्या आठवड्यात कोणती पाळी, कॉलवर काय बोलायचं, यातलं काहीच त्या मुलांच्या हातात नाही. मोठ्या वयाचा माणूस घरी तरी काहीतरी स्वतः ठरवतो. या मुलांना फ्लॅटवर झोपायची वेळही ठरवता येत नाही.

आता अहवालाकडे येते. दर तीन महिन्यांनी संस्था व्यवस्थापनाला एक कागद देते. त्यात कोणाचं नाव नसतं, लहान टीमचे वेगळे आकडेही नसतात, संपूर्ण फ्लोअरचं एकत्र चित्र असतं. लोक कोणत्या विषयावर बोलायला आले, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी. पहिल्याच अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या. बोलण्याच्या विषयांत झोप सगळ्यात वर होती, घरगुती प्रश्नांच्याही वर. आणि वेळ मागणारे फोन रोस्टर लागल्यानंतरच्या दोन दिवसांत वाढत होते. आमचं रोस्टर तेव्हा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी लागायचं. रात्रीची पाळी संपवून एकच वीक ऑफ, आणि लगेच सकाळची पाळी, असं सर्रास व्हायचं. वीक ऑफ झोपण्यात जायचा. गावी जायचं तर तिकीट काढता यायचं नाही, कारण सुट्टी कोणत्या दिवशी हेच माहीत नसायचं.

टीम लीड लोक हे पूर्वीपासून सांगत होते. पण आम्ही सांगितलं की ती कुरकूर वाटायची. बाहेरच्या तज्ज्ञाच्या कागदावर आलं तेव्हा बैठक बसली. त्या बैठकीत मी अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या दुकानांतला प्रयोग मांडला. 2015-16 मध्ये तिथे 28 दुकानं घेऊन काही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांच्या वेळा स्थिर केल्या, आपसात पाळी बदलायची मुभा दिली आणि गर्दीच्या वेळी माणसं वाढवली. तिथली विक्री 7 टक्क्यांनी आणि प्रत्येक तासामागचं काम 5 टक्क्यांनी वाढलं. युरोपातला नियमही सांगितला, की एका दिवसाचं काम संपल्यावर सलग 11 तासांची विश्रांती द्यावीच लागते. पाळ्या लावणाऱ्या वर्कफोर्स विभागाचा आक्षेप होता, की कॉलचा अंदाज आठवड्याआधी पक्का येत नाही. तो आक्षेप खोटा नाही. आमच्याकडे सोमवारी सकाळी फोन उसळतात, आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की सगळेच अंदाज कोसळतात. म्हणून तडजोड झाली. रोस्टर दोन आठवडे आधी लावायचं. थोड्या जागा ऐनवेळच्या म्हणून मोकळ्या ठेवायच्या आणि त्या स्वखुशीने घेणाऱ्याला जादा भत्ता द्यायचा. पाळी फिरवायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवायची, कारण उलट्या क्रमाशी शरीर जुळवून घ्यायला जास्त झगडतं. रात्रीच्या पाळीनंतर दोन दिवस सुट्टी. आणि टीम लीडला न विचारता दोघांनी आपसात पाळी बदलली तर ती ग्राह्य.

आणखी एक लहान बदल मी मागून घेतला. मृत्यूच्या क्लेमचा किंवा शिवीगाळ झालेला कॉल संपला, की पाच मिनिटं लॉग-आउट न करता बाजूला बसता येतं, आणि तो वेळ शेड्युलच्या गुणांतून कापला जात नाही. कोणी याचा गैरफायदा घेतला का, असं मला वरून विचारलं गेलं. नाही घेतला. मुलं ही पाच मिनिटं जपून वापरतात, आणि काही जण ती दुसऱ्याला घ्यायला सांगतात: “तू ऊठ, पाणी पिऊन ये, मी आहे.”

फरक पडायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात काहीच दिसलं नाही. मग परत येणारे फोन कमी व्हायला लागले. त्यानंतर सोमवारच्या अचानक दांड्या कमी झाल्या. सर्वात शेवटी राजीनामे. आमच्या धंद्यात वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण इतकं असतं, की नव्यांना शिकवण्यातच टीम लीडचा अर्धा जीव जातो. गेल्या तिमाहीत माझ्या टीममधून कोणीच गेलं नाही. माझ्याकडे सध्या अशी मुलं आहेत ज्यांना क्लेमचे बारकावे ठाऊक आहेत, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरवर, नेमकं काय विचारायचं ते ठाऊक आहे. ग्राहकाला ते लगेच जाणवतं. समुपदेशनाने माणूस सावरतो हे मी पाहिलंय, पण त्याला सावरून पुन्हा त्याच रोस्टरवर बसवलं असतं तर तो किती टिकला असता? ज्या कंपन्या ही सेवा घेतात आणि अहवाल कपाटात ठेवतात, त्या आपल्याच मुलांचं आणि आपल्याच पैशांचं नुकसान करतात.

गुप्ततेबद्दल. मुलांची शंका होती की सगळं वर कळतं. मी संस्थेला लेखी विचारलं आणि लेखी उत्तर मागितलं. कंपनीला नाव कळत नाही, बिल एकूण संख्येवर होतं, सत्राच्या नोंदी संस्थेकडेच राहतात. जिवाला धोका दिसला तरच समुपदेशक तिसऱ्या माणसाला कळवतो, आणि हे तो पहिल्या सत्रातच सांगतो. ते उत्तर मी छापून कॅन्टीनच्या फलकावर लावलं. एक खटकलेली गोष्ट: ॲपमध्ये नोंदणीला ऑफिसचा ईमेल मागायचे. आम्ही ओरड केल्यावर खासगी मोबाईल नंबर चालायला लागला. तुमच्याकडे अशी सेवा असेल तर हे आधी तपासा.

उणिवा आणखी आहेत. संकटकाळची म्हणून जी चोवीस तासांची लाइन आहे, तिच्यावर आधी मशीनचा आवाज येतो आणि भाषा निवडायला लावतो. रात्री तीन वाजता घाबरलेल्या माणसाला बटणं दाबायला लावू नयेत. दुसरं, मध्येच समुपदेशक बदलतात. एका मुलीला चौथ्या सत्रात नवीन बाई मिळाल्या, तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि तिने सोडून दिलं. तिला पुन्हा जोडून द्यायला मला बराच पाठपुरावा करावा लागला. तिसरं, औषधं लागतील असं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांची यादी हातात ठेवतात, पुढचं तुमचं तुम्ही. त्या भेटींचा खर्च मुलांना जड जातो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांइतकंच मानसिक आजारांनाही संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पण बहुतेक ग्रुप पॉलिसींमध्ये ॲडमिट न होता घेतलेल्या बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे मिळत नाहीत, आणि या वयाच्या मुलांना लागतात ते उपचार नेमके तेच असतात. मी स्वतः आरोग्य विम्याच्या कामात असल्यामुळे हे मला फार बोचतं.

ज्यांच्या कंपनीत असं काही नाही, त्यांनी 14416 हा क्रमांक लिहून ठेवा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. डिलिव्हरीचं काम करणारी, दुकानात उभी राहणारी, कंत्राटावर असणारी कितीतरी मुलं माझ्या टीमच्याच वयाची आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी पॅकेज घेत नाही.

गुण द्यायचे तर समुपदेशकांना 5 पैकी साडेचार, प्रशिक्षणाला पूर्ण 5, अहवालाला 5, ॲपला 1, संकटाच्या लाइनला 2. एकूण 4 देते, कारण सुधारणा सुचवली की ही संस्था ऐकते, हा माझा अनुभव आहे. करार दिवाळीत नव्याने होणार आहे. एचआरने टीम लीड लोकांकडून मागण्या मागवल्यात, त्या मी कालच पाठवल्या: मराठी समुपदेशक दुप्पट करावेत, सहाही सत्रांत समुपदेशक तोच राहावा, संकटाच्या लाइनवर पहिला आवाज माणसाचा असावा, ॲपचे पैसे वाचवून मानसोपचारतज्ज्ञाच्या पहिल्या तीन भेटी कंपनीने भराव्यात, आणि तिमाही अहवालाच्या बैठकीत प्रत्येक पाळीतून मुलांनीच निवडलेला एक जण बसावा.